'मंच', 'क्रंच', 'चॉम्प' : आवाज करत खाण्याच्या इंग्रजी क्रियापदांना मराठीत काय म्हणायचं?

पानसुपारी (धागाकर्ती)

चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठीच्या एका चित्रपुस्तकाचा अनुवाद चालू आहे. प्राणी खायला बसलेत, एवढीच गोष्ट. पण पानागणिक खाण्याचं क्रियापद बदलतं आणि शब्दकोश मात्र 'चावणे', 'चर्वण करणे', 'कचकच चावणे' यापुढे सरकत नाही. अडलेल्या जागा अशा (इंग्रजी शब्द देवनागरीतच देते):

१. ससा मजेत गाजर 'मंच' करतो.
२. शेळी कुंपणावरचा वेल खाते. इथे 'मंच, मंच, मंच' असं मोठ्या अक्षरांत पानभर पसरलंय.
३. अस्वल टोस्ट 'क्रंच' करतं.
४. मगर कलिंगड 'चॉम्प' करते.
५. अस्वलाची आई पिल्लाला दटावते : 'डोन्ट स्मॅक!'

या चारही क्रियापदांत नेमका फरक काय? 'मंच' म्हणजे असभ्यपणे खाणं का? एका कोशात 'आवाज करत चावणे' असा अर्थ आहे, मग बिचाऱ्या सशाला नावं ठेवली आहेत असं समजायचं का? आणि मराठीत सगळीकडे 'मचमच'च घालायचं की वेगवेगळे शब्द आहेत? 'मंच' तसाच ठेवता येत नाही. मुलांना एक तर गॅदरिंगचं स्टेज आठवेल, नाहीतर वेफरचं चॉकलेट.

---

उलटतपासणी

'मंच'ची व्याख्या वाचताना सगळे 'आवाज' या शब्दाशी थबकतात. भार असतो तो त्याच्या शेजारच्या 'सतत' या शब्दावर. जबडा एका लयीत चालू आहे, थांबायचं नाव नाही, हे 'मंच'चं मुख्य अंग. आवाज त्या लयीबरोबर येतो, ऐकू येईल इतपत. शेजाऱ्याच्या अंगावर काटा यावा असा नाही.

याचा जुना आणि पक्का दाखला 'मॅकबेथ'मध्ये आहे, पहिला अंक, तिसरा प्रवेश. चेटकीण सांगते की एका खलाशाची बायको मांडीवर चेस्टनट घेऊन बसली होती, आणि मग हेच क्रियापद भूतकाळात ओळीने तीनदा येतं. चेटकीण मागते, बाई तिला हाकलून देते. आता भाजलेलं चेस्टनट काही कुरकुरीत नसतं, ते उकडलेल्या रताळ्यासारखं पिठूळ लागतं. म्हणजे कुरुमकुरुम आवाज तिथे अभिप्रेतच नाही. दिसतं ते न थांबणारं तोंड : समोर कोणीतरी आशेने बघतंय आणि हिचं आपलं चालूच आहे. शेक्सपिअरनेच दुसऱ्या एका नाटकात गाढवाचं डोकं बसलेल्या विणकराच्या तोंडी हे क्रियापद दिलंय, कोरडे ओट्स खाण्याच्या संदर्भात. त्यामुळे जनावराच्या चरण्याला ते लावणं काही आजचं नाही. तुमची शेळी योग्य जागी आहे.

चौघांतला फरक ओळखायला एकच प्रश्न विचारावा : आवाज करतंय कोण?

अन्न करतंय, म्हणजे ते मोडताना आवाज होतोय, तर 'क्रंच'. दात करताहेत, म्हणजे जबडा जोरात मिटतोय, तर 'चॉम्प'. ओठ आणि जीभ करताहेत, ओला, चिकट आवाज, तर 'स्मॅक'. आणि जबडा नुसता तालात चाललाय तर 'मंच'. 'स्लर्प' या घरातलं नाही. तिथे चावणं नसतं, द्रवाबरोबर हवा ओढली जाते.

केळं घेऊन पडताळा. केळं 'क्रंच' होऊच शकत नाही. माकडाने अर्धं केळं एका घासात तोडलं तर 'चॉम्प' शोभेल. तोंड उघडं ठेवून खाल्लं तर 'स्मॅक' होईल. 'मंच' मात्र कानाला खटकतं, कारण केळ्यात दातांना काम फारसं नाही, ताल धरायला वेळच मिळत नाही. सफरचंद, टोस्ट, पॉपकॉर्न, सँडविच, गवत, पाला हे 'मंच'चे हक्काचे पदार्थ.

व्याकरणात एक बारकावा आहे, अनुवादात तो हमखास निसटतो. 'मंच ॲन ॲपल' आणि 'मंच ऑन ॲन ॲपल' दोन्ही बरोबर. 'ऑन' आलं की खाणं चालू आहे, संपण्याकडे लक्ष नाही. 'मंच अवे' म्हणजे आपल्याच नादात. 'मंच थ्रू' म्हणजे फडशा. 'चॉम्प डाउन ऑन' म्हणजे दात रोवणे. 'क्रंच'ला तर तोंडाचीही गरज नाही. वाळू, खडी, गोठलेलं बर्फ, वाळकी पानं पायाखाली 'क्रंच' होतात. तिथे 'चावणे' लिहिलं की वाक्य गेलंच. मराठीत पाचोळा पायाखाली चुरचुरतो.

सभ्य-असभ्य? 'मंच' तटस्थ आहे, झालंच तर लाडिक. सशाला नावं ठेवलेली नाहीत. मुलाला दटावायला इंग्रजी आई 'डोन्ट मंच' म्हणत नाही. ती म्हणते, तोंड मिटून चाव. आपल्याकडे इंग्रजी बोलताना 'स्टॉप मंचिंग' असं म्हटलेलं ऐकू येतं, त्याचा अर्थ 'आवाज बंद कर' असा होत नसून 'सारखं खाणं बंद कर' असा होतो.

---

कुरमुरा

उलटतपासणींनी इंग्रजीची बाजू मांडली, मी मराठीची मांडतो.

इंग्रजीत आवाज क्रियापदाच्या पोटात असतो. मराठीत क्रियापद साधंच राहतं, खाणे, चावणे, फोडणे, आणि आवाज त्याच्या आधी वेगळा येऊन बसतो. त्यामुळे 'मंच'ला एकशब्दी क्रियापद शोधत बसलात तर दिवस जाईल. जोडी शोधायची : आवाज अधिक क्रियापद. आणि आवाज निवडायचा तो पदार्थ बघून.

पापड, चकली, कुरडई : कुरुमकुरुम, कुडुमकुडुम.
गाजर, काकडी, कैरी, पेरू : करकर, कर्रम कर्रम.
कच्चा कांदा, कोबी, पालेभाजीचे देठ : कचाकचा.
फुटाणे, बर्फ, खडीसाखर : कडाकडा, कुडकुड.
जनावरांचा कडबा : कराकरा.
ओलं, मऊ, तोंड उघडं ठेवून : मचमच, मचामचा.

शेवटचा तेवढा निषेधाचा आहे. 'मचमच' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी असते, म्हणून सशाला चुकूनही लावू नका. पाचव्या वाक्याला मात्र तोच हवा : "मचमच करू नकोस, तोंड मिटून खा." त्यात 'स्मॅक' पुरता उतरला.

दुसरी गोष्ट, एकदा आणि अनेकदा यांतला फरक. इंग्रजीत 'क्रंच' नाम म्हणून आलं की बहुतेक वेळा एकच घाव असतो. मराठीत त्यासाठी 'कन' किंवा 'दिशी' लागतं : कर्रकन, कचकन, कुडुमदिशी. आवाजाची जोडी केली की क्रिया चालू राहते : कर्रम कर्रम. "सशाने कर्रकन गाजर खाल्लं" असं लिहिलंत तर अख्खं गाजर एका चाव्यात संपलं असं चित्र उभं राहतं. ससा 'मंच' करतोय, म्हणून जोडीच हवी. मगर 'चॉम्प' करते, तिथे जोडी नको. "मगरीने कलिंगडाचा कच्चकन लचका तोडला." जबडा एकदाच मिटला, काम झालं.

'मंच'मध्ये लय आहे म्हणताय तर आवाज नसलेले शब्दही बघा. 'चरणे' माणसाला लावलं की टोमणा होतो : येता-जाता चरत असतो. दिवसभर पाकीट हातात धरून 'मंच' करणाऱ्या तरुणाला कादंबरीत हेच क्रियापद द्यावं. 'चघळणे' देऊ नये, चघळण्यात दात जवळजवळ बसूनच असतात. गोळी, सुपारी, बडीशेप चघळतात. 'कुरतडणे' आणि 'टोकरणे' म्हणजे इंग्रजीतलं 'नॉ' आणि 'निबल'. उंदीर कागद कुरतडतो, खार पेरू टोकरते. आणि 'बकाबका', 'गपागपा', 'वचावचा' यांत हावरेपणा आहे, आवाजाशी त्यांचा संबंध बेताचाच.

---

जुनी वही

+१. 'चपचप'बद्दल एक भर. हिंदीच्या सवयीने हल्ली 'चपचप करत खाणे' असं लिहिलेलं दिसतं. चूक म्हणणार नाही, पण मराठी वाचकाला 'चपचपीत' म्हटलं की आधी डोक्यावरचं तेल आठवतं. 'मचमच'च बरं.

आणि कोणी सांगण्याआधीच सांगतो : इंग्रजी 'च्यू' आणि मराठी 'चावणे' हे भाऊभाऊ नाहीत. 'च्यू'चे नातलग म्हणजे जर्मन 'काउएन' आणि फारसी 'जावीदन'. आपलं 'चावणे' संस्कृत 'चर्व्'वरून, प्राकृतातल्या 'चव्व'मार्गे आलं. कर्म-कम्म-काम ज्या वाटेने आलं तीच वाट. साम्य वरवरचं आहे. 'मंच' आणि मंच यांचं तर तेवढंही नाही, मंच शुद्ध संस्कृत आणि इंग्रजी 'मंच' बहुधा आवाजावरूनच बनलेला. त्याचं जुनं रूप चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत सापडतं. 'क्रंच' आजच्या रूपात त्यामानाने नवा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याआधी 'क्रॉन्च' असं रूप होतं.

लहान मुलांना लाडाने 'मंचकिन' म्हणायची पद्धत आपल्याकडेही आली आहे. ते १९०० सालच्या एका अमेरिकी बालकादंबरीतल्या बुटक्या लोकांचं नाव. खाण्याशी त्याचा संबंध लावू नये.

---

घोडेस्वार

'चॉम्प'बद्दल थोडं, कारण यात संपादकांची भांडणं होतात.

मूळ शब्द 'चॅम्प', सोळाव्या शतकापासूनचा, अर्थ दातांनी आवाज करत चावणे. 'चॉम्प' हे त्याचंच उच्चारभेदाने झालेलं रूप. आज अन्नासाठी 'चॉम्प'च वापरतात. 'चॅम्प' जवळजवळ एकाच वाक्प्रचारात तग धरून आहे : 'चॅम्पिंग ॲट द बिट'. 'बिट' म्हणजे लगामाचा घोड्याच्या तोंडात बसणारा लोखंडी दांडा. शर्यतीआधी घोडं रोखून धरलं की ते अस्वस्थ होऊन तो दांडा चावत राहतं, कडकड आवाज येतो, तोंडाला फेस येतो. त्यावरून अर्थ झाला : निघायला उतावीळ, पण कोणीतरी धरून ठेवलेला. आता 'चॉम्पिंग ॲट द बिट'ही सर्रास लिहितात आणि मोठे अमेरिकी कोश दोन्ही मान्य करतात. जुन्या वळणाच्या संपादकाकडे मजकूर जाणार असेल तर 'चॅम्पिंग' ठेवा, वाद टळतो.

अमेरिकी उच्चारात 'चॉम्प'मधला 'ऑ' 'आ'कडे झुकतो, 'चाम्प' असं काहीसं ऐकू येतं. ऑडिओवरून टंकताना 'चॅम्प' समजून 'विजेता' लिहिण्याचे प्रकार होतात.

मराठी प्रतिशब्द? 'गुडघ्याला बाशिंग बांधून बसणे' सुचेल, पण त्यात थट्टा आहे आणि लग्नाचा वास आहे. इंग्रजी वाक्प्रचारात थट्टा नाही, अडवणूक आहे. "खेळायला कधी सोडताहेत याची वाट बघत नुसता फुरफुरतोय" हे जवळचं. घोडा आपल्याकडेही फुरफुरतोच.

---

सादळलेला चिवडा

नावावरून कळलं असेल, माझा विषय कुरकुरीतपणा. कुरमुरा यांनी पापड आणि गाजर वेगळे केले ते फार बरं केलं, कारण त्याच्यामागे शास्त्र आहे आणि ते मराठीने आधीच ओळखून ठेवलंय.

पापड कोरडा असल्यामुळे वाजतो. तळल्यावर त्याच्या आत हवेच्या बारीक पोकळ्या तयार होतात, त्यांच्या भिंती काचेसारख्या ठिसूळ असतात. दात पडला की भिंत वाकत नाही, एकदम फुटते आणि साठलेला ताण आवाजाच्या रूपात सुटतो. अशा शेकडो फुटी एकापाठोपाठ झाल्या की कुरुमकुरुम. ओल शिरली की पिष्ट लवचिक होतं, भिंत फुटण्याऐवजी वाकते आणि आवाज जातो. यालाच आपण सादळणे म्हणतो. इंग्रजीत याला एकच नेमकं क्रियापद नाही, 'गो सॉफ्ट', 'गो सॉगी', 'गो स्टेल' असं काहीतरी करून भागवतात.

गाजराचं उलटं. ते ओलं आहे म्हणून वाजतं. पेशींत पाणी ठासून भरलेलं असतं, चावलं की ताणलेल्या पेशी फुटतात. पाणी उडालं की गाजर रबरासारखं वाकतं आणि वाजत नाही. थंड पाण्यात ठेवलं की पुन्हा करकरीत. खाद्यशास्त्रात या दोहोंना 'ड्राय क्रिस्प' आणि 'वेट क्रिस्प' म्हणावं लागतं. मराठीत दोन सुटसुटीत शब्द आहेत : कुरकुरीत आणि करकरीत. काकडी कुरकुरीत नसते, पापड करकरीत नसतो. म्हणून सशाच्या गाजराला 'कुरुमकुरुम' लावणं ही खरी चूक ठरेल, 'कर्रम कर्रम' हवं.

इंग्रजीत पुढे 'क्रिस्प' आणि 'क्रंची' असाही भेद आहे. 'क्रिस्प' म्हणजे पातळ, हलकं, पुढच्या दातांच्या पहिल्याच चाव्याला तुटणारं, आवाज चढ्या पट्टीतला : बटाट्याचे वेफर, पापड. 'क्रंची' म्हणजे जाड, दाढेखाली तीन-चार वेळा फुटत राहणारं, आवाज खालच्या पट्टीतला : भाजके चणे, चिक्की, दाण्यांचे तुकडे ठेवलेलं पीनट बटर. मराठीत पहिल्याला 'कुरकुरीत', दुसऱ्याला 'कुडकुडीत' किंवा 'कडक' चालेल.

पाककृतींच्या अनुवादात सर्वांत मोठी गल्लत होते ती 'खुसखुशीत'ची. त्याला 'क्रंची' म्हणू नका. करंजी, शंकरपाळी, नानकटाई यांत मोहन असतं. तूप पिठाच्या कणांना वेढून त्यांची चिवट जाळी होऊ देत नाही, त्यामुळे पदार्थ दाताखाली फुटत नाही, विरघळल्यासारखा भुगा होतो, आवाज जवळपास नाहीच. इंग्रजीत त्याला 'शॉर्ट' किंवा 'क्रम्बली' म्हणतात, पापुद्रे सुटत असतील तर 'फ्लेकी'. खुसखुशीत करंजी 'क्रंच' झाली तर मोहन कमी पडलंय असं समजावं.

आवाजाचा चवीशी किती संबंध आहे यावर ऑक्सफर्डला एक गमतीदार प्रयोग झाला. मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी लोकांना एकसारखे बटाटा चिप्स खायला दिले आणि चावण्याचा त्यांचाच आवाज त्यांना हेडफोनवर ऐकवला. आवाज मोठा केला किंवा त्यातल्या उंच पट्ट्या वाढवल्या की तेच चिप्स जास्त ताजे आणि कुरकुरीत वाटले. २००८ साली त्यांना याबद्दल पोषणशास्त्राचा इग् नोबेल मिळाला (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारा गमतीचा पुरस्कार). जाहिरातीत पाकिटातला पहिला चिप तोडताना आवाज इतका टोकदार का असतो, त्याचं उत्तर यात आहे.

अवांतर : चिवडा गरम असताना डब्यात भरून झाकण लावलं की वाफेचं पाणी झाकणाला धरतं आणि खाली टपकतं. परातीत पसरून पूर्ण गार करा, हाताला अजिबात ऊब लागता कामा नये, मगच भरा. सादळलाच तर जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर ५-७ मिनिटं परता आणि पुन्हा गार करा. कढईतून काढल्या काढल्या तो मऊच लागतो, म्हणून घाबरून आच वाढवू नका, शेंगदाणे करपतात. गार होताना तो पुन्हा कडक होतो.

---

भुरकेबाज

'स्मॅक'ला दोन तोंडं आहेत, तेवढं सांभाळा. 'लिप-स्मॅकिंग' हे पदार्थाचं कौतुक आहे आणि त्याला मराठीत तंतोतंत जोड आहे : मिटक्या मारत खाणे. पण जेवताना कोणी 'स्मॅक' करतो म्हटलं तर ती तक्रार आहे : मचमच. ओठ तेच, आवाजही जवळपास तोच. मिटक्या खाणाऱ्याच्या बाजूने सांगितलेल्या, मचमच शेजारच्याच्या बाजूने. 'इट स्मॅक्स ऑफ पॉलिटिक्स'मधला 'स्मॅक' तिसराच, चवीवरून आलेला. त्याचं मराठी 'यात राजकारणाचा वास येतो'. इंग्रज चव घेतो, आपण वास घेतो.

'स्लर्प' धाग्याच्या कडेला आहे, पण मराठी इथे फार श्रीमंत आहे म्हणून लिहितो. ताकाचा किंवा आमटीभाताचा भुरका. चहाचा फुरका. रस्सा आणि कढी ओरपायची, हाताचा पंजा भरून. घुटका मात्र बिनआवाजाचा, तो 'सिप'. सर्वांना 'स्लर्प' हा एकच शब्द पुरतो असं समजून उलट दिशेने अनुवाद केला तर 'ओरपणे'तला हात हरवतो. जपानमध्ये नूडल्स सुर्र आवाज करत ओढणं शिष्टाचारात बसतं, त्यामुळे जपानी गोष्टीत 'स्लर्प' आला तर त्याला नाक मुरडणारा शब्द देऊ नये. आपला भुरका तिथे अगदी फिट.

ज्यांना दुसऱ्याच्या चावण्याचा आवाज खरोखरच सहन होत नाही त्यांच्यासाठी 'मिसोफोनिया' असा शब्द आहे. मार्गारेट आणि पावेल जास्ट्रेबॉफ यांनी २००१ मध्ये तो रूढ केला. ग्रीकमध्ये 'मिसोस' म्हणजे द्वेष, 'फोने' म्हणजे आवाज. या विषयावरचा लेख मराठीत आणताना 'मचमच' सगळीकडे पेरू नका. तो शब्द खाणाऱ्याला दोषी ठरवतो. अशा माणसाला तोंड मिटून, नीट चावणाऱ्याचाही त्रास होतो. तिथे 'चावण्याचा आवाज' असं कोरडंच लिहावं.

---

ताळेबंद

खाणं सोडून थोडं. वर्तमानपत्री इंग्रजीत 'क्रंच' सर्वाधिक येतो तो पैशांच्या बातमीत. 'कॅश क्रंच' म्हणजे चलनटंचाई किंवा रोकडटंचाई, नोव्हेंबर २०१६ नंतर हा शब्द रोज वाचायला मिळत होता. 'क्रेडिट क्रंच' वेगळा : हातात नोटा आहेत, पण बँका कर्ज द्यायला तयार नाहीत, २००७-०८ मध्ये झालं तसं. त्याला 'कर्जटंचाई' म्हणावं. दोन्हींना सरसकट 'आर्थिक चणचण' लिहिलं की बातमीचा नेमकेपणा जातो.

'नंबर क्रंचिंग' साठी 'आकडे चावणे' असं यंत्राने केलेलं भाषांतर नजरेखालून गेलंय. आपल्याकडे आयता शब्द आहे : आकडेमोड. इंग्रज आकडे दाढेखाली फोडतो, आपण हातानेच मोडतो. 'व्हेन इट कम्स टू द क्रंच' म्हणजे 'अगदी गळ्याशी आलं की'. आणि 'स्क्रंच' म्हणजे 'क्रंच' नव्हे, ते कागद किंवा कापड चुरगाळणं. केसांच्या रबराला 'स्क्रंची' म्हणतात ते त्या चुण्यांमुळे.

'च्यू ओव्हर' म्हणजे एखाद्या गोष्टीवर सावकाश विचार करणं. त्याला 'चघळणे' लिहू नका. मराठीत विषय चघळला की त्याची किंमत उतरते, आणि आणखी चघळला की चावून चोथा होतो.

---

पानसुपारी

सगळ्यांचे आभार. आता असं झालंय :

१. ससोबा मजेत गाजर खातात, कर्रम कर्रम.
३. अस्वलाने टोस्ट खाल्ला, कुरुमकुरुम.
४. मगरीने कलिंगडाचा लचका तोडला. कच्चकन!
५. "मचमच करू नकोस, तोंड मिटून खा."

शेळी अजून अडलेली आहे. 'कराकरा' घेऊन बघितलं, पण चित्रकाराला शब्द तीन ठिकाणी तोडून हवाय आणि 'करा, करा, करा' असं दिसायला लागलं. 'चर चर चर' लिहिलं तर फोडणी आठवते.

---

कुरमुरा

'करा करा' छान, शेळी शाखा चालवतेय असं वाटेल. 'कचर कचर'ही सुचेल, पण पुढच्याच अक्षराला कचरा येतो. तेही नको.

ओला वेल आहे, म्हणजे आवाज 'कुर' किंवा 'कर्र' नाहीच, आणि 'कच'मध्ये मोडण्याचा झटका आहे. उलटतपासणींनी म्हटल्याप्रमाणे 'मंच'मध्ये लय धरायची असेल तर आवाजाचा हट्ट सोडा आणि क्रियापदच वाजवा : 'चाव, चाव, चाव'. यातला 'च' 'चहा'मधला नाही, 'चमचा'मधला आहे, त्स-कडे झुकणारा. मोठ्याने वाचलं की पाला चावल्यासारखा ओलसर आवाज आपोआप निघतो.

---

उलटतपासणी

'चाव, चाव, चाव' पटलं. फक्त स्वल्पविराम काढा. स्वल्पविराम राहिला तर वाचणारी आई प्रत्येक शब्दापाशी थांबेल, आणि ही शेळीला दिलेली आज्ञा आहे असंही वाटेल. तिन्ही शब्द वेलाच्या वळणाने एकापुढे एक जाऊ द्या, पूर्णविराम कुंपण उघडं पडल्यावर : चाव चाव चाव चाव, वेल फस्त.

तीनदाऐवजी चारदा केलंय, कारण 'चाव' 'मंच'पेक्षा लवकर संपतो.